भिंतीच्या पाठीमागचं पाणी

मेढ्यात सपाट जागा फार थोडी. वेण्णेच्या काठची भातखाचरं सोडली की जमीन उताराला लागते, आणि नवीन घर बांधणाऱ्याला आधी तो उतार कापून जोत्यापुरती जागा करावी लागते. जेसीबीचं काम एक-दोन दिवसांत उरकतं, आणि घराच्या पाठीशी दहा-बारा फुटांची उभी कड उरते. त्या कडेला धरून मग संरक्षक भिंत येते. साताऱ्याहून येताना किंवा पुढे केळघरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा भिंती दिसतात. काही काळ्या दगडाच्या, काही आरसीसीच्या, आणि काही, ज्या खरं तर असूच नयेत, नुसत्या सिमेंट ब्लॉकच्या. मला लिहायचंय ते ह्या भिंतींना येणाऱ्या ओलीबद्दल. ती ओल घालवायला केलेल्या कामामुळे आमची भिंत पडायच्या बेताला आली होती, आणि तशीच कामं करून घेणारी घरं मला अजून आसपास दिसतात.

आमचं घर दोघा भावांचं. धाकटे भाऊजी नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी आहेत. जावळीत बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी असंच मुंबईला असतं, त्यामुळे इथली बांधकामं सुट्टीच्या हिशेबानं चालतात. गावची यात्रा झाली की काम सुरू होतं आणि मृगाच्या आत स्लॅब, भिंत सगळं उरकायची घाई असते. एप्रिल-मे महिन्यात कापलेली कड ठणठणीत कोरडी असते, नखानं खरवडली तरी धूळ उडते. इथून पाणी येईल हे कुणाच्या डोक्यात येत नाही. भिंत उभी राहते, तिच्यामागची फट भरून घेतली जाते, मुंबईची माणसं गाडीत बसतात, आणि भिंतीचा पहिला पावसाळा बघायला मालक जागेवर नसतो.

मेढ्याभोवतीचे डोंगर एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचे आहेत. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कुठंकुठं वीटकरी रंगाच्या मऊ मातीचा पट्टा लागतो. घाटरस्त्याच्या कापात तो लांबूनही ओळखू येतो. वरचा दगड भेगाळलेला, त्यातून पाणी खाली झिरपतं. तांबड्या पट्ट्यातून ते सहज उतरत नाही, म्हणून आडवं सरकतं आणि जिथं डोंगर कापला असेल तिथून बाहेर येतं. झड लागली की उताराला उपळ फुटतात ते बऱ्याचदा असे, आणि पाऊस उघडल्यावरही ते कितीतरी दिवस वाहत राहतात. आमच्या कापातही कमरेएवढ्या उंचीवर असा पट्टा होता. घरातल्या सगळ्यांनी तो पाहिला होता, मुलांनी त्या मातीचे गोळे करून खेळ मांडला होता. पण पावसाळ्यात पाणी नेमकं ह्याच रेषेवर येणार, हे सांगणारं कुणी नव्हतं.

भिंत दगडाची, सिमेंटात बांधलेली, दहा फूट उंच आणि चाळीसेक फूट लांब. ठेकेदारानं तिला पाणी जायला छिद्रं ठेवली होती, पण वायरिंगच्या पाइपचे तुकडे घालून, अंगठाही जाणार नाही अशी, आणि तीही मोजकीच. भिंत आणि डोंगर यांच्यामधल्या फटीत खोदाईची माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, जे हाताला लागेल ते लोटलं गेलं. पहिल्या पावसाळ्यात त्या छिद्रांतून पाणी आलं. दुसऱ्या पावसाळ्यात गाळ बसून बहुतेक छिद्रं बंद झाली. मग भिंतीवर शेवाळ धरलं, दिवाळीनंतर ती जरा वाळली की दरजांवर पांढरा लोणा फुटायचा, मागच्या खोलीत ठेवलेल्या गोधड्यांना आंबूस वास यायचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज म्हणायच्या, "ह्या भिंतीचं कायतरी करा गं."

केलं ते असं. वॉटरप्रूफिंगचं काम करणारी बाहेरगावची माणसं आली, भिंत बघून गेली आणि चौरस फुटावर दर सांगून गेली. दर्शनी बाजू घासून धुवायची, दरजा भरायच्या, केमिकल मिसळून गिलावा करायचा, वर दोन हात कोटिंग, त्यावर रंग. जी छिद्रं अजून थेंब थेंब गळत होती तीही झटपट घट्ट होणाऱ्या सिमेंटनं बुजवायची, कारण त्यांच्या मते ओल तिथूनच येत होती. दहा वर्षांची गॅरंटी लेखी. घरात सगळ्यांनाच ते पटलं. काम झालं तेव्हा भिंत खरोखर देखणी दिसत होती.

तो उन्हाळा २०२१ चा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुष्य लागला. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतात. त्या वर्षी म्हाताऱ्यानं जो जोर दाखवला तो सातारा जिल्हा विसरणार नाही. घाट चढून वर गेलं की जे महाबळेश्वर, तिथं २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली.

आमच्या अंगणातून त्या दिवशी पाण्याचा लोंढा चालला होता, शेजारच्या जुन्या तालीच्या दगडादगडांतून पाणी उसळत होतं, आणि आमची भिंत मात्र कोरडी होती. रंगावरून पावसाचं पाणी ओघळत होतं तेवढंच, आतून एक थेंब नाही. घरात त्याचं कौतुक चाललं होतं. आमच्या आळीतले एक म्हातारे गवंडी, ज्यांना सगळेच तात्या म्हणतात, घोंगडीची खोळ घेऊन शेळ्या बघायला चालले होते. ते थांबले, भिंतीकडे बघत राहिले आणि माझ्या यजमानांना म्हणाले, "पाणी कुठं गेलं हिचं?"

घरातून ओळंबा आणायला लावून त्यांनी तो भिंतीच्या माथ्यावरून सोडला. भिंतीला वर गेली तशी मागं कललेली ढाळ होती, म्हणजे खाली भिंत पुढं असल्यानं दोरी तळाशी जाऊन टेकायला हवी होती. ती टेकली मध्येच, कमरेच्या जरा वर. तिथं भिंतीला पोट आलं होतं, आणि रंगाखाली केसासारखी एक आडवी चीर होती. तात्यांनी चिरेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "थंड लागतंय. पार भरलीय ही. म्हातारीला उचला आणि आत्ताच्या आत्ता सगळी बाहेर पडा. पुढच्या खोलीत न्हाई, दुसऱ्याच्या घरात जावा."

आम्ही चुलत दिरांकडे गेलो. तात्या आणि आळीतल्या चार माणसांनी भिंतीपासून बरंच वर, कडेला बाजूनं वळसा घालून, कुदळीनं चर मारला आणि डोंगरावरून येणारं पाणी ओढ्याकडे वळवलं. भिंतीच्या समोर कुणालाही उभं राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती चीर फुटली आणि तांबडं पाणी पिचकारीसारखं अंगणात उडालं. बराच वेळ ते वाहत होतं. भिंत उभी राहिली ती त्या फुटलेल्या चिरेमुळे, असं नंतर साताऱ्याहून बघायला आलेल्या इंजिनिअरनी सांगितलं.

त्यांनी कागदावर मांडून दाखवलेला हिशेब इथं देते, कारण तो कळल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. दहा फुटी, म्हणजे ३ मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टन आडवा रेटा येतो. भिंत ह्याच हिशेबानं बांधलेली असते. त्याच मुरमात पाणी काठोकाठ तुंबलं, तर एकट्या पाण्याचा रेटा साडेचार टनांच्या आसपास जातो. पाण्यात बुडालेल्या मुरमाचा स्वतःचा रेटा बराच कमी होतो, तरी दोन्ही मिळून पावणेसहा टन. म्हणजे दुपटीहून जास्त. आमच्या चाळीस फुटांच्या भिंतीला हा हिशेब लावला तर वाढलेलं ओझंच छत्तीस टनांच्या पुढे जातं. समोरच्या बाजूला लावलेलं कुठलंही केमिकल ह्यातला एक किलोही कमी करत नाही. ते फक्त पाणी दिसेनासं करतं.

पावसात भिंत पडली की काय होतं, ते २०१९ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच महाराष्ट्रानं चार दिवसांत दोनदा पाहिलं. २९ जूनला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि १५ जण गेले. २ जुलैला मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर आली, त्यात पंचवीसहून अधिक माणसं गेली. दोन्ही भिंतींची कारणं सारखीच होती असं मी म्हणत नाही. पण मुसळधार पाऊस, रात्रीची वेळ आणि भिंतीखाली झोपलेली माणसं, हे दोन्हीकडे होतं, आणि आमच्या घरातही २०२१ च्या त्या रात्री हेच झालं असतं. आत्याबाईंची खाट मागच्याच खोलीत असायची.

आता ज्यांना भिंत बांधायची आहे किंवा बांधलेल्या भिंतीची ओल घालवायची आहे त्यांच्यासाठी, जे आम्ही नंतर करून घेतलं आणि जे जाणत्यांकडून शिकलो ते सांगते.

पहिली गोष्ट, डोंगराची भिंत आणि घराची भिंत एकच करू नका. पैसे वाचतात म्हणून पुष्कळजण संरक्षक भिंतीवरच स्लॅब टेकवतात. मग ती भिंत राहत्या खोलीची होते आणि तिथं पाणी थेंबभरही चालत नाही, म्हणून छिद्रं ठेवता येत नाहीत, म्हणून सगळा रेटा तिच्यावर. जागा कितीही कमी असो, मध्ये माणूस फावडं घेऊन फिरू शकेल एवढी, निदान तीन-साडेतीन फुटांची बोळ सोडा. बोळीला उतार आणि गटार द्या. भिंत ओली राहिली तरी मग घर ओलं होत नाही, आणि निम्म्या लोकांना जे वॉटरप्रूफिंग हवंसं वाटतं त्याची गरजच उरत नाही. बोळ सोडणं अगदीच अशक्य असेल तर ती भिंत तळघराच्या भिंतीसारखी, पाण्याचा पूर्ण रेटा धरून, इंजिनिअरकडून आरसीसीत डिझाइन करून घ्यावी लागते. ते मिस्त्रीच्या अंदाजाचं काम नाही.

भिंतीच्या पाठीमागचं भरण हा ह्या सगळ्या कामाचा गाभा. भिंतीला लागून किमान दीड फूट रुंदीचा दगड-खडीचा उभा पट्टा तळापासून माथ्याच्या फूटभर खालपर्यंत हवा. भिंतीकडे मोठा गोटा, मग ४० मिलिमीटरची खडी, मग बारीक, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड. कापड पाणी सोडतं पण मातीला अडवतं. हे नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत माती खडीत शिरून सगळा पट्टा चोंदतो. आमच्या भिंतीला हिशेब केला तर दीड गुणिले दहा गुणिले चाळीस, म्हणजे सहाशे घनफूट, सहा ब्रास झाला. सहा ब्रास खडी जमिनीत गाडायची हे ऐकून भाऊजी फोनवर गप्प झाले होते. पण कोटिंग, गिलावा आणि रंग ह्यांवर आधी जो खर्च झाला होता तो काही ह्याहून फार कमी नव्हता.

खडीच्या तळाशी, पायाच्या वरच्या अंगाला, चार किंवा सहा इंची भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप आडवा टाकायचा. शंभर फुटांना निदान एक फूट उतार, भोवती खडी, त्याभोवती कापड, आणि दोन्ही टोकं मोकळी, म्हणजे पुढे कधी गाळ बसला तर पाण्याचा झोत मारून धुता येतो. खडीच्या मागे भरायला मुरूमच. काळी माती अजिबात नको, ती भिजली की फुगते. मुरूम एकदम लोटू नका. आठ-नऊ इंचांचा थर, धुम्मस, मग पुढचा थर. माथ्यावरच्या शेवटच्या फूटभरात मात्र चिकण माती ठोकून बसवा आणि तिला भिंतीपासून मागे, चराकडे उतार द्या, म्हणजे वरचं पाणी सरळ खडीत उतरत नाही.

छिद्रं तीन ते चार इंची पाइपची, तीन ते पाच फुटांच्या अंतरानं, एका ओळीतली दुसऱ्या ओळीच्या मध्यावर येतील अशी, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली. सगळ्यात खालची ओळ पुढच्या जमिनीच्या सहा इंच ते फूटभर वर. आतल्या तोंडाला जाळी आणि मोठा गोटा. कापात तांबडा पट्टा किंवा ओलीची रेघ दिसत असेल तर त्या उंचीवर एक ओळ जास्तीची ठेवा. पावसाळ्यात काप उघडा असेल तेव्हा येऊन बघणं सगळ्यात चांगलं. एक पावसाळा काप तसाच ठेवणं धोक्याचं असतं हे खरं, म्हणून आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारा, श्रावणात ह्या जागेला पाणी कुठं फुटायचं. त्यांना ते अचूक माहीत असतं.

कोटिंग करायचं ते मातीकडच्या बाजूला, आणि भरण घालायच्या आधी. भिंतीची पाठ घासून घ्यायची, आरसीसी असेल तर मधमाशीच्या पोळ्यासारखी राहिलेली जागा ठोकून काढून भरायची, पाया आणि भिंत जिथं मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूचा गोल वाटा काढायचा. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, एक आडवा एक उभा, मध्ये वाळायला वेळ देऊन. डांबरी कोटिंग चालतं, पण त्याला भिंत पूर्ण कोरडी लागते. सिमेंटच्या कोटिंगला उलट आधी भिंत भिजवून घ्यावी लागते. कोटिंग पुरतं वाळल्यावर त्यावर खडी आपटून ते फाटू नये म्हणून प्लास्टिकचा गाठाळ ड्रेन बोर्ड किंवा निदान जाड पत्रे उभे करतात. ह्या कोटिंगनं दगडाच्या दरजा टिकतात, सळई गंजत नाही, दर्शनी बाजूला लोणा कमी येतो. पाण्याला वाट खडी आणि पाइपच देतात, कोटिंग नाही. क्रम असा लक्षात ठेवला तर दुकानदार कुठलंही डबडं पुढे करो, गोंधळ होत नाही.

दर्शनी बाजू होईल तितकी उघडी ठेवा. दगडी भिंतीला नुसत्या दरजा पुरेत. टाइल्स, ग्रॅनाइट, ऑइलपेंट, सिमेंटचा गुळगुळीत गिलावा काही नको. रंग हवाच असेल तर चुना.

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, रानात घातलेल्या ताली मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. चुना नाही, सिमेंट नाही, एकावर एक नीट बसवलेले दगड, मागे लहान दगडांचं भरण. प्रत्येक सांधा पाणी सोडतो. भारतीय मानक ब्यूरोचं डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींसाठी आयएस १४४५८ हे मानक आहे, आणि त्याचा एक आख्खा भाग अशा कोरड्या दगडी भिंतीच्या बांधकामाबद्दल आहे. इंजिनिअरनी हे सांगितलं तेव्हा तात्यांना फार बरं वाटलं. तालीचं काम येणारे गवंडी आता थोडे उरलेत. ज्यांच्याकडे जागा आहे आणि उंची कमी आहे, त्यांनी त्यांना शोधावं असं मला मनापासून वाटतं.

भिंत आधीच बांधून झालेली असेल आणि मागून उघडणं शक्य नसेल, तर पावसाळा संपून भिंत निथळल्यावर समोरून मशिननं नवी छिद्रं पाडून घेता येतात. पाइप भिंतीच्या पार मागच्या मातीत काही फूट जायला हवा, भोकांचा आणि कापड गुंडाळलेला, आत वर चढता आणि बाहेर उतरता. तुंबलेल्या भिंतीला भर पावसात भोक पाडायला कुणालाही उभं करू नका, तिथं माणूस मरतो. आमच्या भिंतीचा पोट आलेला भाग उतरवावाच लागला. तो वरून खाली, थोड्याथोड्या लांबीचे तुकडे करून उतरवला आणि एक तुकडा पुरा बांधून झाल्यावरच दुसऱ्याला हात लावला. एकदम उघडली असती तर मागची कड खाली आली असती.

ह्या सगळ्याच्या आधी पाणी कुठलं आहे ते ओळखा. खडूनं ओलीची कड आखून तारीख लिहायची ही साधी युक्ती. ओल आषाढात चढते आणि माघापर्यंत पार वाळते, तर पाणी डोंगराचं. शिमग्यातही तेवढीच राहिली, तर वरच्या घराची मोरी, शोषखड्डा, टाकी किंवा नळाची फुटलेली लाइन बघा. आमच्याकडे डोंगराच्या पाण्यात घरचंही पाणी मिसळत होतं. आमच्याच पत्र्याच्या पागोळ्या भिंतीच्या पाठीमागे पडत होत्या, त्याला पन्हळ लावल्याबरोबर वरच्या कोपऱ्यातली ओल गेली. भिंतीच्या वरच्या अंगाला, कडेपासून थोडा मागे, दगडानं किंवा काँक्रीटनं बांधलेला चर प्रत्येक घराला हवा. साऱ्या कामातलं हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि हेच सगळ्यात आधी वगळलं जातं.

हिशेबाच्या कागदाबद्दलही बोलायला हवं. वॉटरप्रूफिंगचा दर चौरस फुटावर असतो, म्हणजे दिसणाऱ्या पृष्ठभागावर. मागे गाडली जाणारी खडी, कापड, पाइप ह्यांचे पैसे कुणी वेगळे लावत नाही, म्हणून ते कुणी घालतही नाही. कोटेशनमध्ये खडीचे ब्रास, पाइपची लांबी, छिद्रांची संख्या आणि चर हे वेगवेगळे लिहून घ्या. भरण घालण्याच्या दिवशी घरातलं कुणीतरी जागेवर असू द्या, प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. मुंबईला असाल तर काम यात्रेच्या सुट्टीत बसवू नका, भरणाच्या दिवसासाठी सुट्टी काढा. आणि गॅरंटी वाचा. आमच्या कागदावर ओल आली तर पुन्हा कोटिंग करून देऊ असं होतं. भिंतीला पोट आलं तर काय, ह्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मृगाच्या आधी प्रत्येक छिद्रात सळई घालून ते साफ करा आणि वरच्या चरातला पाला काढा. मुसळधार पावसात छिद्रांतून स्वच्छ पाणी वाहत असेल तर भिंत ठीक आहे. पाणी गढूळ येत राहिलं तर मागची माती वाहून चाललीय, पाऊस ओसरताच जाणत्याला दाखवा. आणि सगळीकडे पाणी असताना छिद्रं कोरडी असतील, भिंतीला पोट दिसत असेल, वरच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग पडली असेल, वाहतं छिद्र एकाएकी बंद झालं असेल, तर भिंतीकडच्या खोल्यांत कुणी झोपू नका. रात्र व्हायच्या आत घर सोडा, नगरपंचायतीला किंवा तहसील कार्यालयाला कळवा. सामानाचं नंतर बघता येतं. जे मुंबईला असतात त्यांनी शेजाऱ्याला फोन करून एवढंच विचारावं, भिंतीतून पाणी येतंय ना.

आता छिद्रांतून निघालेलं पाणी कुठं जाणार, हाही प्रश्न आहेच. आमच्या भिंतीतून नीट पाणी यायला लागलं तसं ते खालच्या घराच्या अंगणात उतरलं आणि त्यांची आमची थोडी बोलाचाली झाली. त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या मागेही भिंत आहे आणि आमचं पाणी तिच्या पाठीत मुरत होतं. शेवटी दोन्ही घरांनी मिळून सहा इंची पाइप ओढ्यापर्यंत नेला, खर्च निम्मा-निम्मा. त्यांच्या भिंतीच्या छिद्रांचं पाणीही आता त्याच पाइपात सोडलंय. त्यांच्या खालच्या घरानं भिंतीला टाइल्स लावायचं ठरवलं होतं, ते काम सध्या थांबलंय आणि तात्यांना बघायला बोलावलंय.